रक्त नसतं तर काय अडलं असतं?

दिवाळीला दोन-तीन आठवडे उरले की हैदराबादच्या काचीगुडा, सुलतान बाजार, गौळीगुडा इथल्या मराठी घरांतून बेगम बाजारची एक फेरी निघतेच. काजू, बदाम, मनुका, खारीक, खसखस, जर्दाळू, सगळं घाऊक भावात. आईबाबांचा हात धरून तुम्ही त्या गर्दीतून गेला असाल, तर एक गोष्ट पाहिली असेल. माल ट्रकमधून येतो, पण ट्रक गल्लीत शिरत नाही. तो बाहेर मोठ्या रस्त्यावर उभा राहतो. तिथून पोती बंडीवर चढतात, हमाल 'हटो, हटो' करत बंडी ढकलत गल्लीत शिरतो, आणि बोळ फारच अरुंद झाला की पोतं पाठीवर घेऊन दुकानाच्या उंबऱ्याशी टाकतो. परतताना रिकामी खोकी उचलून नेतो. ट्रक कितीही मोठा असू दे, शेवटची पन्नास पावलं हमालाचीच.

आपल्या अंगातल्या रक्ताची सगळी गोष्ट या शेवटच्या पन्नास पावलांची आहे.

'रक्त कशाला लागतं?' असं वर्गात विचारलं की निम्मी मुलं हात वर करतात आणि सांगतात, 'सर, प्राणवायू पोचवायला!' उत्तर बरोबर आहे, परीक्षेत गुणही मिळतील. पण मला त्याच्या पुढचा प्रश्न जास्त आवडतो. प्राणवायू पोचवावा का लागतो? हवा तर चोवीस तास आपल्या अंगाला लागूनच असते. ती आपली आपण आत का जात नाही?

मुंगीचं उदाहरण घ्या. मुंगीच्या अंगात आपल्यासारखं तांबडं रक्त नसतं. झुरळ चिरडलं तर पांढुरकं पाणी निघतं, ते त्याचं रक्तच, पण प्राणवायू वाहून नेण्याचं काम ते जवळजवळ करत नाही. किड्यांच्या अंगावर दोन्ही बाजूंना बारीक भोकं असतात. तिथून हवेच्या नळ्या थेट आतपर्यंत जातात आणि फाटे फुटत फुटत पेशींशी जाऊन भिडतात. पाण्याच्या थेंबात राहणाऱ्या अमिबाला तर नळ्याही लागत नाहीत. तो एकाच पेशीचा जीव. चहूबाजूंनी पाणी, पाण्यात विरघळलेला प्राणवायू, तो भिंतीतून झिरपून आत येतो. अमिबाला रक्ताशिवाय काही अडत नाही.

तुमच्याआमच्या शरीरातही रक्ताशिवाय चालवून घेणारी एक जागा आहे. डोळ्याच्या बाहुलीवरचा पारदर्शक पडदा. त्यात एकही रक्तवाहिनी नसते. असती तर समोरचं जग लाल रेघांच्या जाळीतून दिसलं असतं. जागेपणी हा पडदा आपला बराचसा प्राणवायू अश्रूंच्या पातळ थरातून थेट हवेतूनच घेतो. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, म्हणून त्याला ते जमतं.

जाडीवरच सगळं अडतं. प्राणवायूचे रेणू पाण्यात स्वस्थ बसत नाहीत, सारखे इकडेतिकडे धडका देत फिरतात. पण त्यांना ना दिशा ना पत्ता. दोन पावलं पुढे, एक मागे, तीन बाजूला, असं भरकटत जो पोचेल तो पोचला. अशा चालीचा एक विचित्र नियम आहे. अंतर दुप्पट झालं तर वेळ चौपट लागतो, अंतर दहापट झालं तर वेळ शंभरपट. आकडे मांडून पाहा. मिलिमीटरचा शंभरावा भाग ओलांडायला प्राणवायूला सेकंदाचा चाळिसावा हिस्सा पुरतो. एक मिलिमीटर जायला सुमारे चार मिनिटं. एक सेंटिमीटर जायला सात तास. आणि दहा सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या छातीवरून आत अर्ध्या वाटेपर्यंत, जवळजवळ महिना!

आता मेंदूचा विचार करा. प्राणवायू बंद झाला की दहाएक सेकंदांत माणूस बेशुद्ध पडतो, आणि चार-पाच मिनिटांत पेशींची हानी सुरू होते. महिनाभर वाट पाहायला कुणाला फुरसत आहे? म्हणून एकदोन मिलिमीटरपेक्षा जाड व्हायचं, तर बहुतेक प्राण्यांना अंगात काही ना काही वाहतं ठेवावंच लागतं. आपण मोठे आहोत, म्हणून आपल्याला रक्त लागतं. इतकं साधं उत्तर आहे, पण पाठ्यपुस्तकात ते क्वचितच या शब्दांत सापडतं.

रक्त प्रत्येक पेशीच्या किती जवळ जातं? शरीरातल्या बहुतेक पेशी कुठल्या ना कुठल्या केशवाहिनीपासून मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आत असतात. स्नायूंत आणि मेंदूत तर याहून जवळ. हृदयातून निघालेली महाधमनी मोठ्या माणसात दोन-अडीच सेंटिमीटर रुंद असते. तिला फाटे फुटतात, फाट्यांना फाटे, आणि शेवटी उरते ती केशवाहिनी. तिची भिंत एकाच पेशीच्या थराची, आणि रुंदी मिलिमीटरचा शंभरावा भाग किंवा त्याहून कमी. डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोघ यांनी शंभर वर्षांपूर्वी या बारीक बोळांचाच ध्यास घेतला. स्नायू कामाला लागला की त्याच्या बोळांतली वर्दळ कशी वाढते, याचा त्यांनी छडा लावला आणि 1920 चं नोबेल पारितोषिक मिळवलं. कबड्डी खेळताना मांडीला मिळणारं रक्त आणि गोष्टीचं पुस्तक वाचत लोळताना मिळणारं रक्त यांत कितीतरी पटींचा फरक असतो.

या बोळातून जाते ती तांबडी पेशी. आकाराने गोल चकती, दोन्ही बाजूंनी मध्ये दबलेली, रुंदी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सात-आठ पट. म्हणजे पुष्कळदा बोळ तिच्यापेक्षा अरुंद! मग ती चक्क दुमडते, अंग चोरते आणि एकामागे एक अशी ओळीने सरकते. तिथे ती जेमतेम एकदोन सेकंद असते. तेवढ्यात माल उतरवायचा.

ही पेशी मोठी नवलाची आहे. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत केंद्रक असतं, तिचा कारभार तिथून चालतो. तांबडी पेशी हाडांच्या मगजात तयार होते तेव्हा तिच्यातही केंद्रक असतं, पण रक्तात उतरण्याआधी ती ते बाहेर टाकून देते. प्राणवायू वापरून ऊर्जा बनवणारी यंत्रणाही टाकते. त्यामुळे जागा मोकळी होते आणि ज्या प्राणवायूची ने-आण करायची त्यातला कणही ती स्वतः खात नाही. बेगम बाजारात दिवसभर बदामाची पोती वाहणाऱ्या हमालाने एकही बदाम तोंडात टाकू नये, तसं. केंद्रक नसल्यामुळे तिला स्वतःची डागडुजी करता येत नाही. सुमारे 120 दिवसांत ती झिजते आणि प्लीहेत, यकृतात मोडीत निघते. तिच्या जागी नवी यावी म्हणून मोठ्या माणसाच्या हाडांचा मगज दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या पेशी तयार करतो. हे वाक्य वाचायला तुम्हाला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात कोटभर पेशींची भर पडली.

मोकळ्या केलेल्या जागेत ती भरते हिमोग्लोबिन. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे 27 कोटी रेणू असतात. प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू, आणि प्रत्येक लोहाला प्राणवायूचा एकेक रेणू चिकटतो. म्हणजे एका पेशीच्या पाठीवर शंभर कोटींहून जास्त प्राणवायूचे रेणू. चिकटतो म्हटलं खरं, पण ही चिकटण्याची रीत फार धोरणी आहे. फुप्फुसात प्राणवायूची रेलचेल असते तिथे हिमोग्लोबिन त्याला घट्ट पकडतं. काम करणाऱ्या स्नायूत प्राणवायू कमी, कार्बन डायऑक्साइड जास्त आणि थोडी ऊबही जास्त असते. तिथे हिमोग्लोबिनची पकड आपोआप सैल होते. ज्याला निकड जास्त, त्याच्या दारात माल जास्त उतरतो. पत्ता लिहावा लागत नाही.

हिमोग्लोबिन नसतं तर? रक्तातल्या नुसत्या पाण्यात, म्हणजे प्लाझ्मात, लिटरमागे जेमतेम 3 मिलिलिटर प्राणवायू विरघळतो. हिमोग्लोबिनसकट तोच आकडा 200 च्या घरात जातो. मोठ्या माणसाला स्वस्थ बसल्या जागीसुद्धा मिनिटाला सुमारे 250 मिलिलिटर प्राणवायू लागतो. नुसत्या पाण्यावर भागवायचं, तर हृदयाला मिनिटाला ऐंशीहून अधिक लिटर पाणी फिरवावं लागलं असतं. प्रत्यक्षात ते पाच लिटरमध्ये निभावतं. अंटार्क्टिकाच्या समुद्रात काही मासे असे आहेत की त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिनच नाही, रक्त पाण्यासारखं. गोठणबिंदूजवळच्या त्या पाण्यात प्राणवायू भरपूर विरघळतो, माशांची हालचालही मंद, आणि हृदय मात्र अंगाच्या मानाने चांगलंच मोठं. हैदराबादच्या मे महिन्यात असा मासा तासभरही टिकणार नाही.

एक गैरसमज इथेच निकालात काढू. मनगटावरच्या शिरा निळसर दिसतात म्हणून त्यांतलं रक्त निळं असतं, असं मुलंच काय, मोठी माणसंही सांगतात. माणसाचं रक्त कधीच निळं नसतं. प्राणवायू भरलेलं असलं तर लालभडक, उतरवलेला असला तर गडद लाल. कातडीतून प्रकाश आत जाऊन परत येताना जो खेळ होतो, त्यामुळे शिरा निळ्या भासतात. निळं रक्त खरंच हवं असेल तर ऑक्टोपसकडे जा. त्याच्या रक्तात लोहाच्या जागी तांबं आहे.

रक्त गोल फिरतं, हे आज कुणीही सांगेल. पण विल्यम हार्वे या इंग्लिश वैद्याला 1628 मध्ये ते पुस्तक लिहून पटवावं लागलं. तोवर युरोपात समज असा की यकृत अन्नापासून रक्त बनवत राहतं आणि अवयव ते संपवत राहतात. हार्वेने साधा गुणाकार केला. एका ठोक्याला हृदय एवढं रक्त ढकलतं, तासाला ठोके इतके, तर तासाभरात ढकललेल्या रक्ताचं वजन माणसाच्या वजनापेक्षा जास्त भरतं. एवढं नवं रक्त रोज कुठून येणार? म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असलं पाहिजे. धमनीतून शिरेत जाणारे बारीक बोळ त्याला दिसले नव्हते. ते 1661 मध्ये इटलीच्या मालपिगीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तोवर हार्वे वारला होता.

परतीच्या फेरीत रक्त रिकामं येत नाही. पेशींतला कार्बन डायऑक्साइड फुप्फुसाकडे, यकृतात तयार झालेला युरिया मूत्रपिंडाकडे, असा कचरा तेच नेतं. जेवणातली साखर, चरबी, क्षार, ग्रंथींचे निरोप, सगळ्यांची ने-आण त्याच्याकडे. उन्हातून घरी आल्यावर गाल लाल होतात, तेही रक्ताचंच काम. कातडीजवळच्या वाहिन्या रुंदावतात आणि आतली उष्णता बाहेर सोडली जाते. प्राण्यांना रक्त लागण्याची ही सगळी कारणं खरी आहेत, पण प्राणवायूइतकी घाई त्यांतल्या कशालाच नाही.

वाहतं रक्त सांडण्याचा धोका अर्थात आलाच. गुडघा खरचटला की काय होतं, ते पुढच्या वेळी रडणं थांबवून जरा पाहा. आधी थेंब जमतात. जखमेच्या कडेची वाहिनी आखडते, रक्तातल्या प्लेटलेट फाटलेल्या जागी चिकटून एकमेकींना बिलगतात. मग प्लाझ्मात विरघळलेल्या एका प्रथिनाचे धागे होतात, त्यांच्या जाळ्यात तांबड्या पेशी अडकतात आणि काही मिनिटांत गुठळी होते. वाळली की खपली. ती खाजते, आणि ती कुणालाही काढायचीच असते. पण खालची कातडी भरेपर्यंत ती तिथे असू द्या. डेंग्यूच्या दिवसांत 'प्लेटलेट उतरल्या' असं घरोघरी ऐकू येतं, त्या याच. निरोगी माणसाच्या रक्तात एका घनमिलिमीटरला त्या दीड ते साडेचार लाख असतात. त्याच घनमिलिमीटरमध्ये तांबड्या पेशी पन्नास लाखांच्या आसपास आणि जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी फक्त चार ते अकरा हजार. संख्येने थोड्या, पण त्यांच्यावाचून साधं खरचटणंही जिवावर बेतेल.

जी गोष्ट अंगात सगळीकडे पोचते तिच्यावर फुकट स्वारी करणारे निघणारच. मालमोटारीवर लटकून जाणारे असतात ना! असाच एक चोर नेमका कुठून कसा येतो, याचा मोठा पुरावा बेगम बाजारपासून आठ-दहा किलोमीटरवर, बेगमपेटच्या एका लष्करी इस्पितळात सापडला.

मलेरियाचा जंतू तांबड्या पेशीत राहतो, हे फ्रेंच लष्करी डॉक्टर आल्फोन्स लावेराँ यांनी 1880 मध्ये अल्जेरियात पाहिलं होतं. पण तो एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातो कसा? दलदलीची खराब हवा लागून ताप येतो, अशीच समजूत जुनी. डासावर संशय घेणाऱ्यांत होते रोनाल्ड रॉस. जन्म 1857 चा, तोही आपल्याकडे, अल्मोड्याला. नोकरी इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये. मलेरियाच्या रोग्यांचं रक्त प्यायलेले डास पकडायचे, फाडायचे आणि त्यांच्या पोटात जंतू शोधायचा, हा त्यांचा उद्योग. दोन वर्षं हाती काही लागलं नाही. कारण ते पाहत होते ते डास भलत्याच जातींचे.

ऑगस्ट 1897. सिकंदराबादेत, बेगमपेटच्या त्याच इस्पितळात, उकाडा असह्य. पंखा लावावा तर फाडलेला डास उडून जाणार, म्हणून पंखा बंद. घामाने सूक्ष्मदर्शकाच्या स्क्रूंना गंज चढलेला. अशात त्यांच्या हाती ठिपकेदार पंखांचे काही डास लागले. हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रोग्याने स्वतःला त्यांच्याकडून चावून घ्यायची तयारी दाखवली. डासामागे एक आणा मोबदला. 16 ऑगस्टला डास त्याचं रक्त प्यायले. पुढचे चार दिवस रॉस ते एकेक करून फाडत गेले. 20 ऑगस्टला उरलेल्यांपैकी एकाच्या पोटाच्या भिंतीत त्यांना एक गोल पेशी दिसली. डासाच्या पोटात असली पेशी त्यांनी कधी पाहिली नव्हती. तिच्या आत बारीक काळे कण होते, आणि ते कण मात्र त्यांच्या चांगल्या ओळखीचे होते. मलेरियाच्या रोग्यांच्या रक्तात रोज दिसायचे ते हेच. दुसऱ्या दिवशी शेवटचा डास फाडला. त्यातल्या पेशी आणखी मोठ्या झालेल्या! जंतू डासाच्या अंगात वाढत होता.

हे काळे कण आले कुठून? मलेरियाचा जंतू तांबड्या पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो. पण हिमोग्लोबिनचा लोह असलेला भाग त्याला स्वतःला विषारी असतो. मग तो त्या भागाचे घट्ट स्फटिक करून बाजूला टाकतो. तेच काळे कण. क्लोरोक्विन हे मलेरियाचं जुनं औषध काम करतं ते इथेच. ते हे स्फटिक होऊ देत नाही, आणि जंतू स्वतःच्या जेवणातल्या विषाने मरतो. बेगमपेटला चोर ओळखला गेला तो त्याने खाऊन टाकलेल्या सालींवरून, म्हणा ना. आपल्याला उपयोगी पडणारं तेच लोह, चोरालाही नडलं तेच.

चावणारी डासीण असते, नर डास रक्त पीत नाही. तिलाही रक्त प्राणवायूसाठी नको असतं, अंड्यांना लागणाऱ्या प्रथिनांसाठी हवं असतं. पुढे 1898 मध्ये रॉस यांनी कलकत्त्याला पक्ष्यांच्या मलेरियावर काम करून डासातला प्रवास पूर्ण दाखवला. त्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या मलेरियाचाही छडा लावला. रॉस यांना 1902 चं नोबेल मिळालं. बेगमपेटची ती इमारत अजून उभी आहे आणि उस्मानिया विद्यापीठाकडे आहे. 20 ऑगस्ट जगभर डास दिन म्हणून पाळला जातो. हुसेन खानच्या नावाचा एखादा दिवस असता तर मला जास्त आवडलं असतं.

या जंतूने माणसाच्या रक्तावर आपली खूणही सोडली आहे. गडचिरोली, नंदुरबार, आणि इकडे आदिलाबादच्या पट्ट्यातल्या आदिवासी घरांत सिकलसेल नावाचा आजार दिसतो. हिमोग्लोबिनच्या साखळीतला एक दुवा बदललेला असतो, एकच. आईकडून आणि वडिलांकडून अशा दोन्ही बाजूंनी तो बदल आला, तर प्राणवायू उतरवल्यावर तांबडी पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकते. दुमडायचं विसरलेली ती पेशी अरुंद बोळात अडकते आणि मागची सगळी वाट तुंबते. मुलाला जीव नकोसा करणाऱ्या वेदना होतात. पण हा बदल एकाच बाजूने आला, तर मूल सहसा ठणठणीत राहतं आणि गंभीर मलेरियापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं. पूर्व आफ्रिकेत काम करून अँथनी अॅलिसन यांनी हे 1954 मध्ये दाखवलं. मलेरियाच्या मुलखात हा बदल पिढ्यान्‌पिढ्या का टिकून राहिला, याचं कोडं तिथे सुटलं. भारत सरकारने जुलै 2023 मध्ये सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. रक्ताच्या एका थेंबावरून ही तपासणी होते. आदिलाबाद किंवा गडचिरोलीकडचे तुमचे कुणी वर्गमित्र तपासणीचं कार्ड जपून ठेवत असतील, तर ते यासाठी.

आता पुन्हा लोहाकडे. मोठ्या माणसाच्या अंगात लोह असतं सगळं मिळून 3 ते 4 ग्रॅम, आणि त्यातलं दोन-तृतीयांश एकट्या हिमोग्लोबिनमध्ये. शरीर या बाबतीत पक्कं मारवाडी हिशोबाचं. मोडीत निघालेल्या तांबड्या पेशींतून ते रोज 20-25 मिलिग्रॅम लोह काढून पुन्हा वापरतं, आणि अन्नातून जेमतेम 1-2 मिलिग्रॅम आत घेतं. पण वाढत्या वयात रक्तही वाढत असतं. तीस किलो वजनाच्या मुलाच्या अंगात सव्वादोन लिटरच्या आसपास रक्त, मोठं होईस्तोवर ते पाच लिटरकडे जायचं. तिथे हा हिशोब तुटीत येतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या शंभरांपैकी 67 मुलांना रक्तक्षय आढळला, आणि 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांपैकी 57 जणींना. अशा मुलांना जिना चढताना धाप लागते, अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि घरी त्यांना आळशी म्हणतात. आळस नसतो तो. हमाल आले, पण पोती रिकामी.

मग बेगम बाजारातून खजूर आणावा का? आणा, गोड असतो. पण लोक समजतात तेवढं लोह त्यात नाही. त्याच दुकानातल्या मनुकांत आणि जर्दाळूत थोडं जास्त असतं. अळीव, पालेभाज्या, डाळी, मांसाहारी घरांत कलेजी, हे खरे कामाचे. बिटाने रक्त वाढतं हा समज त्याच्या रंगावरून आला, पण तो रंग लोहाचा नाही. भाजी-डाळीतलं लोह आतड्याने ओढून घ्यावं म्हणून जेवणात लिंबू किंवा आवळा हवा, आणि जेवणाबरोबर चहा नको. शाळेत मिळणारी लोहाची गोळी, लहानांना गुलाबी आणि मोठ्यांना निळी, दप्तरात दडवू नका. 10 फेब्रुवारीला देतात ती जंताची गोळीही घ्या. आकडेकृमी आतड्याला चिकटून रोज थोडं थोडं रक्त पितो, आणि अनवाणी चालणाऱ्या पायांतून तो आत शिरतो.

रक्त फारच कमी पडलं तर दुसऱ्याचं घ्यावं लागतं. थॅलेसेमिया असलेल्या मुलांना पुरेसं हिमोग्लोबिनच बनवता येत नाही, त्यांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. हैदराबादेत थॅलेसेमिया आणि सिकलसेल सोसायटी 1998 पासून अशा मुलांना रक्त देण्याचं काम करते आहे. पण कुणाचंही रक्त कुणालाही चालत नाही, हे कार्ल लँडस्टायनर यांनी 1901 मध्ये दाखवलं आणि ए, बी, ओ हे गट सांगितले. तांबड्या पेशींच्या अंगावर जी साखरेची खूण असते, तीवरून हे गट पडतात. अनोळखी खूण दिसली की घेणाऱ्याचं रक्त ती पेशी फोडून टाकतं. ओ गटाच्या पेशीवर ए-बीच्या खुणा नसतात, म्हणून निकडीच्या वेळी ती बहुतेकांना चालते.

बहुतेकांना, सगळ्यांना नाही. 1952 मध्ये मुंबईच्या केईएम इस्पितळातले डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांना अशा व्यक्ती सापडल्या की ज्यांचं रक्त ओ सारखं दिसायचं, पण ओ गटाचं रक्तसुद्धा त्यांना चालेना. ए आणि बी या खुणा ज्या पायावर बसतात, तो पायाच यांच्या पेशींवर नव्हता. त्याला एच म्हणतात, आणि तो ओ गटाच्या माणसांत मात्र असतो. भेंडे यांनी ही नोंद लॅन्सेट या नियतकालिकात छापली. आज जगभरच्या रक्तपेढ्यांत या गटाला बॉम्बे गट म्हणतात. भारतात अंदाजे दहा हजारांत एक माणूस या गटाचा असतो, आणि त्याला फक्त त्याच्याच गटाचं रक्त चालतं. त्यामुळे 'ओ' असा निकाल आलेल्या नमुन्याची चांगल्या रक्तपेढीत दुसऱ्या बाजूनेही तपासणी होते. नुसत्या पेशी पाहून भागत नाही, प्लाझ्मा ओ गटाच्या पेशींवर टाकून गुठळ्या होतात का, तेही पाहतात.

रक्त कारखान्यात बनवून बाटलीत भरण्याचे प्रयत्न कितीतरी वर्षं चालू आहेत. रोज वापरता येईल असा पर्याय अजून तयार नाही. रक्तदान वयाची अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर, वजन किमान 45 किलो असेल आणि हिमोग्लोबिन निदान साडेबारा असेल तर करता येतं. एका वेळी साधारण 350 मिलिलिटर घेतात. त्यातलं पाणी एकदोन दिवसांत भरून निघतं, तांबड्या पेशी भरायला काही आठवडे जातात, आणि लोहाचा साठा पूर्ववत व्हायला काही महिने लागतात. पुरुषांना दोन दानांमध्ये तीन महिन्यांचं आणि बायकांना चार महिन्यांचं अंतर ठेवायला सांगतात.